या म्हणणारी डबी

शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या नव्या इमारतीत गेलात, तर दाराच्या चौकटीवर एक डबी दिसेल. साबणाच्या डबीएवढी, पांढरी, पुढच्या अंगाला बारीक बारीक भोकं. नाही दिसली तरी बिघडत नाही, कारण ती दिसण्यासाठी लावलेलीच नाही. ही डबी जिने केली ती माइकवाल्याची धाकटी बहीण. हे माइकवाला तुम्हाला सांगेलच, तुम्ही विचारायची वाट बघणार नाही. तो केस कापायला गेला की न्हावी हल्ली खुर्चीत बसवता बसवताच म्हणतो, "बहिणीचं ऐकलंय मालक, बारीक करू की मध्यम?"

पण न्हाव्याला सगळं कुठे माहीत आहे. त्याने आपलं अर्धंमुर्धं ऐकलेलं, तेही कात्रीच्या आवाजात.

मुळापासून सांगायचं तर ही पोरगी चालायला शिकली त्याच्या आधी पडायला शिकली. उंबरा दिसला की अडखळणार. उंबरा नसला तर तो नाही म्हणून अडखळणार. डोळ्यांत काही दोष नव्हता, एका झटक्यात सुईत दोरा ओवायची. पण पाय जमिनीवर आणि नजर दाराच्या घंटीवर, नाहीतर पंख्याच्या वायरीवर. ही घंटी वाजते कशी, हा पंखा डावीकडूनच का फिरतो. आई म्हणायची, "ही मुलगी कसली, नुसती धडपड आहे." तेव्हापासून तिचं नाव धडपडी पडलं. पुढे ती मोठी झाली, यंत्रं करायला लागली, तेव्हा नव्या लोकांना वाटायचं की फार कष्ट करते म्हणून हिला धडपडी म्हणतात. थोरल्याने कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. पडणंही त्यात आलं आणि उठून पुन्हा लागणंही त्यात आलं, मग आपण कशाला फोड करून सांगायचं.

थोरला, म्हणजे हा माइकवाला, शिकला आठवीपर्यंत. पण आठवीला दोनदा बसला, त्यामुळे तो स्वतः नववी धरतो. त्याचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. सभा असो, शर्यती असोत, दुकानाचं उद्घाटन असो, कर्णे त्याचे. त्याचं 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' असं काही घुमायचं की लोक गप्प बसून ऐकायचे, आणि पुढे पाहुणे भाषणाला उभे राहिले की गप्पा मारायला लागायचे. हे खोटं वाटत असेल तर त्या वेळच्या कुठल्याही पाहुण्याला विचारा.

दुकान पुढे आणि मागे एक खोली. त्या खोलीतल्या टेबलावर धडपडी बसायची. मोडका अ‍ॅम्प्लिफायर आला की थोरला म्हणायचा, "हे गेलं, भंगारात टाकू." ती म्हणायची, "दादा, मला दे." दोन दिवसांनी तो गाऊ लागायचा. एकदा तर नीट चालणारा पण तिने उघडला आणि त्यातून पलीकडच्या शिंप्याच्या शिलाई मशीनचा आवाज यायला लागला. थोरल्याने ते यंत्रही वर्षभर फडताळात जपून ठेवलं. असला बिघाड करायलाही अक्कल लागते, असं त्याचं मत.

तिच्या डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा तो शाळांच्या शर्यतींना माइक लावून बसला होता. चारशे मीटरची पोरं ओळीत उभी, शिट्टी तोंडात धरलेले मास्तर तयार, आणि कर्ण्यातून आवाज आला, "एक महत्त्वाची सूचना. माइकवाल्याची बहीण पहिल्या वर्गात पास झालेली आहे." अर्धी पोरं ती सुटण्याची खूण समजून पळाली. मास्तर आजही त्याच्याशी बोलत नाहीत, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

डिप्लोमानंतर धडपडीने लिफ्टच्या कंपनीत नोकरी केली. लिफ्टमध्ये ती बाई सांगते ना, 'दरवाजा बंद होत आहे', ते बोलणं बसवायचं काम. पुढे ती स्वतःची कामं घ्यायला लागली आणि टेबल पुन्हा मागच्या खोलीत आलं. अशाच एका कामात तिला ऑपरेटरबाई भेटल्या.

ऑपरेटरबाई म्हणजे दवाखान्याच्या टेलिफोनवरचा आवाज. सबंध शहराने त्यांना ऐकलेलं, पाहिलेलं थोड्यांनी. त्यांनी स्वतः कोणालाच पाहिलं नव्हतं. डोळे लहानपणीच्या तापात गेले. त्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "डोळे गेले, तोंड राहिलं. तोंडावर भागतंय." जुन्या इमारतीत त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात फिरावं तशा फिरायच्या. डोळस लोक त्यांना विचारायचे, बाई, एक्स-रे कुठे? त्या न थांबता हात दाखवायच्या आणि तो बरोबर असायचा.

मग नवी इमारत झाली आणि टेलिफोनची खोली तिकडे गेली. त्या खोलीतल्या तारा जोडायला धडपडी गेली, ती थेट स्टुलावर आपटली. स्टूल एकीकडे, पक्कड दुसरीकडे.

"कोण आहे?" खुर्चीतून आवाज आला. "इथली आंधळी मी आहे. माझी जागा घ्यायला आलीस का काय?"

"नाही बाई, तारा जोडायला आले."

"मग आधी पाय जोड." असं म्हणून त्या हसल्या, आणि दोघींचं जमलं. त्या दिवशी तारा जोडायला फार वेळ लागला, कारण मध्ये चहा दोनदा झाला. त्या चहावर बाईंनी जे सांगितलं ते धडपडीने घरी येऊन जेवताना सांगितलं, आणि थोरल्याचा घास हातातच राहिला.

नव्या इमारतीत बाईंना रस्ता सापडत नव्हता. जुन्या इमारतीत अरुंद बोळ, हाताला भिंत, पायाला उंचसखल फरशी, औषधाच्या खिडकीचा वास. इथे सगळं भलंमोठं, गुळगुळीत आणि घुमणारं. दारातून आत शिरलं की मैदानाएवढा हॉल, त्यात हाताला काही लागतच नाही. छडी टेकली तर तिचा टक टक आवाज चारी भिंतींवरून परत येतो, मग आपण कुठे उभे तेच कळत नाही. एकदा त्या जिन्याजवळ घसरल्या. लागलं काही नाही, पण कचेरीचे साहेब घाबरले. माणूस वाईट नव्हता, उलट काळजीवाहू. त्यांनी हुकूम काढला की गेटपासून खुर्चीपर्यंत शिपाई बाईंना हात धरून नेईल, चहाला नेईल, परत आणेल.

"आणि बाथरूमला?" बाईंनी विचारलं होतं.

साहेब म्हणे टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

"साहेब, मी माणूस आहे, टपाल नाही. नोकरीची इतकी वर्षं उरलीत. त्यात प्रत्येक वेळेला मी पोरासोरासारखं हात वर करून विचारायचं का, जाऊ का म्हणून?"

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पडलात तर मला झोप लागणार नाही. गेटपासून खुर्चीपर्यंत माझ्या देखत एकट्या जाऊन दाखवा. जमलं तर शिपाई नको. नाही जमलं तर मात्र शिपाई, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही."

हे सांगून झाल्यावर धडपडी जेवायला लागली. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, तिच्याकडे बघून म्हणाली, "अहो, हिने मीठ समजून साखर घेतली. म्हणजे हिचं डोकं कामाला लागलं."

लागलंच होतं. पहिल्यांदा तिने छडी केली. पुढे काही आडवं आलं की मूठ थरथरायची. बाईंनी ती हातात धरली आणि चार पावलांत परत दिली. "अगं, हातात मधमाश्या दिल्यास. आडवं काय येतं ते मला साध्या छडीनेही कळतं. जायचं कुठे ते कळत नाही." मग तिने कमरेचा पट्टा केला. उजवीकडे वळायचं तर उजवी बाजू थरथरणार, डावीकडे तर डावी. पट्टा लावून बाई हसायलाच लागल्या, हॉलच्या मधोमध. "गुदगुल्या होतात गं. साहेब म्हणतील, बाई रस्ता चुकल्या ते राहू दे, पण हसतायत कशाला?"

धडपडी हिरमुसली नाही. पडायची सवय होती ना. तिने सरळ विचारलं, "मग बाई, तुम्हाला काय हवं?"

"हे बघ, मला कोणी धरू नये आणि ढकलू नये. लांबून कोणी हाक मारली ना, तर मी बरोबर जाते. कान आहेत मला."

हाक. एवढा एकच शब्द घेऊन धडपडी घरी आली. रस्ता सांगणारं यंत्र माणसाच्या हातात द्यायचं नाही, जिथे जायचं त्या जागेनेच हाक मारायची. दाराने म्हणायचं, मी इथे आहे. छडीच्या मुठीत एक बटण. ते दाबलं की जवळपासच्या डब्या एकापाठोपाठ एक बोलणार, आणि आवाज जिकडून येईल तिकडे चालायचं. ऐकायला सोपं आहे. पण हे आधी सुचलं कोणाला? माइकवाल्याच्या बहिणीला. आणि त्या डब्यांतले स्पीकर कुठले? माइकवाल्याच्या दुकानातले. आणि आवाज कोणाचा, हे विचारायलाच नको.

हाक ठरली, पण हाकेत म्हणायचं काय, यावर दहा दिवस गेले. जिन्यावरच्या डबीने 'जिना' म्हणावं, लिफ्टने 'लिफ्ट' म्हणावं, यात वाद नव्हता. वाद दारांचा. त्या हॉलला पुढे दोन दारं, शेजारी शेजारी. एक फक्त आत उघडणारं, एक फक्त बाहेर. आणि हॉल ओलांडला की समोर तिसरं दार, आतल्या बोळाचं. त्या बोळात पहिलीच खोली बाईंची.

साहेबांनी सुचवलं, 'प्रवेश' आणि 'निर्गमन'. थोरल्याने तसं भरलं, त्याच्या सभेच्या आवाजात. दारावर लावून पाहिलं तर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याला घाबरून विचारलं, "कोणाचं निर्गमन झालं हो?" ते लगेच काढलं.

मग साधं करू म्हणून 'आत जा' आणि 'बाहेर जा' भरलं. पहिल्याच दुपारी एक दांडगा गृहस्थ कचेरीत शिरला. त्याची बायको वर दाखल, तो बिचारा डबा घेऊन निघालेला, आणि भिंत त्याला म्हणते बाहेर जा. "कोण आहे तो, समोर येऊन सांगू दे की." तो समोर उभा होता, स्पीकरचे स्क्रू आवळत, पण थोरल्याने त्या वेळी तोंड उघडलं नाही. शूर माणसाला वेळही ओळखता यावी लागते.

तेव्हा वहिनी म्हणाली, "तुम्ही एवढे शिकलेले लोक," यात तिने थोरल्यालाही धरलं, "घरी आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? या. निघालेल्याला काय म्हणतो? या. जा असं कोणी म्हणतं का? आणि ते दवाखान्यात?"

सगळ्यांना पटलं. गोड शब्द, छोटा शब्द, कोणाला लागणार नाही. थोरला माइकसमोर बसला. धडपडीने बजावलं, "दादा, हेल काढू नको. सपाट बोल, घुमणाऱ्या हॉलमध्ये सपाट आवाज स्वच्छ ऐकू येतो." त्याने सपाट 'या' म्हटलं. तीन दारांवर तीन डब्या लागल्या, आत यायच्या दाराची बाहेरच्या अंगाला, बाकी दोन हॉलच्या अंगाला. धडपडीने डोळ्यांना पट्टी बांधून गेटपासून बाईंच्या खुर्चीपर्यंत फेऱ्या मारल्या, एकदाही अडखळली नाही. हीच गोष्ट खरं तर संशय घेण्यासारखी होती. तिने त्या हॉलची मापं इतक्या वेळा घेतली होती की पट्टी डोळ्यांना बांधली होती, डोक्याला नव्हती.

परीक्षेच्या दिवशी साहेब हॉलमध्ये हाताची घडी घालून उभे. शिपाई त्यांच्या मागे. थोरला नवा शर्ट घालून आलेला, कारण अशा वेळी कोणी फोटो काढतं. बाई गेटवरून निघाल्या, छडी पुढे, बटण दाबलं. दारावरून आवाज आला, 'या'. बाई आल्या. थोरल्याने साहेबांकडे बघितलं, कसं काय, अशा नजरेने.

हॉलमध्ये येऊन बाईंनी पुन्हा बटण दाबलं. समोरून बोळाचं दार म्हणालं, 'या'. मागून बाहेरचं दार म्हणालं, 'या'. बाई थांबल्या. पुन्हा दाबलं. 'या', 'या'. त्यातल्या त्यात जवळचा आवाज धरून त्या निघाल्या, दार ढकललं, आणि इमारतीच्या बाहेर पायऱ्यांवर उन्हात उभ्या राहिल्या. आतल्या लोकांना काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

त्या वळल्या. आत यायच्या दाराने म्हटलं, 'या'. त्या पुन्हा आत आल्या. पुन्हा दोन 'या'. पुन्हा बाहेर. तिसऱ्या खेपेला त्या हॉलच्या मधोमध छडी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या म्हणालात, आले. पुन्हा या म्हणालात, पुन्हा आले. आता कोणीतरी बसा पण म्हणा."

हॉलमध्ये जो तो हसला. बाई स्वतःही हसल्या. पण छडीवरचा हात घट्ट आवळलेला होता, आणि ते धडपडीने पाहिलं. शिपाई पुढे झाला आणि अदबीने त्यांचा कोपर धरला. बाईंनी हात सोडवून घेतला नाही. ते बघून धडपडीने साहेबांना गाठलं.

"साहेब, आठ दिवस द्या. बाई चुकल्या नाहीत, शब्द चुकलाय. आम्हाला दारं दिसत होती, म्हणून आम्ही शब्द ऐकलाच नाही."

साहेब म्हणाले, "आठ दिवस. तोवर शिपाई."

त्या संध्याकाळी धडपडीने बाईंना घरी आणलं. मागच्या खोलीत बैठक बसली. थोरला म्हणाला, "यात काय अवघड आहे, 'आत' आणि 'बाहेर' भरू." भरून पाहिलं. पण एका शब्दाचं ते 'बाहेर' कितीही प्रेमाने म्हटलं तरी कोणीतरी कुत्र्याला हाकलतंय असं वाटायचं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला वाटलं दुकानात कुत्रं शिरलं." तो विषय तिथेच मिटला.

रात्र व्हायच्या आत बाई निघाल्या. वहिनी दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "बरं, याऽ हं. सावकाश."

बाई दारात थबकल्या. "पुन्हा म्हण गं."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"या हं, सावकाश."

बाई मागे वळल्या. "मुली, ऐकलंस? हिच्या या मध्ये मी बाहेर आहे. हिने दार अर्धं लोटलंसुद्धा, आवाजातच. आणि मघाशी मी आले तेव्हा तुझा भाऊ पुढे दुकानातून काय म्हणाला होता? 'या या या बाई', असं. त्यात पाट मांडलेला होता. आणि डबीत तुम्ही काय भरलंत, तर ना आलेल्याचं ना गेलेल्याचं. आयुष्यभर टेलिफोनवर बसले, माणूस बोलायला लागलाय की ठेवायला लागलाय हे मला पहिल्या अक्षराला कळतं. पण तुमचा या सपाट केलेला."

धडपडी उंबऱ्यावरच बसली. दोन्ही हात डोक्याला. "हेल काढू नको, असं मीच सांगितलं दादाला."

"तू आवाज स्वच्छ केलास गं," बाई म्हणाल्या. "जरा जास्तच धुतलास. रंगच गेला."

धडपडीचं तोंड उजळलं. ती उठली, अर्थात उठताना डोकं कडीला आपटलं, आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं की आत बोलावणारा आवाज दादाचा आणि निरोपाचा वहिनीचा. बाप्याचा आवाज म्हणजे आत, बाईचा आवाज म्हणजे बाहेर. शब्द तोच, पण हेल वेगळा, गळा वेगळा. हॉल कितीही घुमू दे, दोन्हींत गल्लत व्हायची नाही.

थोरल्याचं काम सोपं होतं. त्याला माइकसमोर कोणी आल्यासारखं बोलायला सांगावं लागत नाही, त्याला नेहमीच कोणीतरी आलंय असं वाटतं. 'या या, आत या' पहिल्याच झटक्याला भरलं.

वहिनीचं मात्र कठीण झालं. माइक दिसला की ती ताठ व्हायची आणि शाळेत हजेरी दिल्यासारखं 'या हं' म्हणायची. कोणी निघालेलंच नाही तर निरोप देऊ कोणाला, हा तिचा मुद्दा, आणि तो बिनतोड होता. शेवटी धडपडीने माइक दाराच्या पडद्यामागे लपवला आणि शेजारच्या शिंपीणबाईंना चहाला बोलावलं. चहा झाला, त्या निघाल्या, वहिनी म्हणाली, "या हं, सावकाश," आणि नेमकी तेव्हाच बाहेरून मोटार गेली. धडपडीने शिंपीणबाईंना पुन्हा बोलावलं, एक विचारायचं राहिलं म्हणून. पुन्हा निरोप, या वेळी थोरला शिंकला. तिसऱ्यांदा निरोप, तर शिंपीणबाईच मध्ये बोलल्या. चौथ्यांदा त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला एकदा सांगा, मी जाऊ का नको? माझ्या घरी पण माणसं आहेत."

"अहो, रागावू नका, या हं, सावकाश," वहिनी कळवळून म्हणाली, आणि पडद्यामागून धडपडी ओरडली, "झालं." डबीत आहे तो तोच निरोप. नीट कान देऊन ऐकलात तर त्याच्या टोकाला थोडी माफी पण आहे.

आठ दिवसांनी पुन्हा तो हॉल, साहेब, शिपाई. थोरला तोच नवा शर्ट घालून. बाई गेटवरून निघाल्या. बटण. 'या या, आत या.' बाई आत आल्या. हॉलच्या मधोमध थांबल्या. आता सगळ्यांनी कान टवकारले, शिपायानेही. बटण.

समोरून थोरला म्हणाला, 'या या, आत या.' मागून वहिनी म्हणाली, 'या हं, सावकाश.'

बाईंनी मान किंचित मागे वळवली. "इतक्यात नाही बाई, आत्ताच तर आले," असं त्या डबीला म्हणाल्या आणि सरळ समोर चालू लागल्या. छडी टक टक करत बोळाच्या दारात शिरली आणि दिसेनाशी झाली. साहेब त्यांच्या मागे जाणार होते, धडपडीने त्यांना हाताने थांबवलं. मागे कोणी चाललं तर ते एकटं जाणं कसलं.

मग चौकशीच्या टेबलावरचा टेलिफोन वाजला. तिथल्या मुलीने उचलला आणि साहेबांकडे धरला.

आवाज सगळ्यांना ऐकू आला, तो तसाच होता. "ऑपरेटर बोलतेय. साहेब, माझ्या खुर्चीचं एक चाक ढिलं आहे, ते बघायला कोणाला तरी पाठवा. शिपायाला पाठवलंत तरी चालेल, आता त्याला वेळ असेल."

साहेब हसले. "पाठवतो बाई."

"आणि मागे कोण नाक शिंकरतंय?"

साहेबांनी वळून पाहिलं. "माइकवाले आहेत."

"त्यांना म्हणावं, हॉल घुमतो."

थोरल्याला त्या दिवशी सर्दी होती. हे वहिनीलाही माहीत आहे, पण ती साक्ष द्यायला तयार नाही.

आता त्या डब्या सगळ्या मजल्यांवर आहेत, आणि छड्या तर दवाखान्याने चौकशीच्या टेबलावरच ठेवल्यात, ज्याला लागेल त्याने मागून घ्यावी. तक्रार एकच आली. घरी सोडलेल्या एका म्हाताऱ्याच्या शेजारून कोणी छडीवाला चालला होता, त्याने बटण दाबलं, डबी म्हणाली, 'या हं, सावकाश.' म्हातारा दारात थांबून हात जोडून म्हणाला, "नको हो बाई. तुम्हीच या एकदा आमच्याकडे." ती तक्रार धडपडीने लिहून घेतली आहे आणि तिच्यावर विचार चालू आहे.

पण सांगायचं राहिलं ते बाई एकट्या गेल्या त्या दिवसाच्या संध्याकाळचं. बाईंची सुट्टी व्हायच्या वेळी धडपडी हॉलच्या कोपऱ्यात उभी होती, कामाचं निमित्त काढून. थोरला तिला न्यायला आलेला. बाई बोळातून आल्या, एकट्या, पिशवी खांद्याला, कोणाला काही न विचारता. बटण दाबलं. बाहेरच्या दारावरून वहिनी म्हणाली, 'या हं, सावकाश.'

"येते गं," बाई म्हणाल्या, कोणी खरंच दारात उभं असावं तशा, आणि दार ढकलून उन्हात गेल्या.

धडपडीला राहवलं नाही. त्या पायऱ्या कशा उतरतात ते बघायला ती धावत त्यांच्या मागे दारातून सुटली. थोरल्याला आतून फक्त आवाज आला, आधी धप, मग पक्कड घरंगळत गेल्याचा.

बाई खाली पोचल्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"धडपडी," त्या म्हणाल्या, "तिथे पायरी आहे गं. एक डबी तुझ्यासाठी पण लाव."